विश्लेषण : मानवी हक्कांचे व्याख्यान विद्यापीठात, प्रश्न कर्जत-खालापुरात... दुवा कुठे तुटतो?

दहा डिसेंबरच्या मानवी हक्क दिनानिमित्त विद्यापीठे आणि महाविद्यालयांत व्याख्याने, परिसंवाद भरतात. विकासाचा हक्क, प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क, विस्थापितांचे आणि मूलनिवासींचे हक्क हे त्यातले नेहमीचे विषय. या प्रत्येक विषयाचे चालते-बोलते उदाहरण मुंबईपासून लोकलने दोन तासांच्या अंतरावर, रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आहे. इर्शाळवाडीची दरड, माथेरानची हातरिक्षा, मोरबे धरण आणि आता येऊ घातलेले पोशीर-शिलार प्रकल्प ही त्यातली ठळक नावे. मात्र सभागृहातला शब्द ग्रामसभेपर्यंत जात नाही आणि वाडीवरचा अनुभव सभागृहात येत नाही. असे का होते आणि त्याने नेमके काय बिघडते, याचा हा आढावा.

विषय चर्चेत कशामुळे?

ऑगस्ट २०२५ च्या एकाच आठवड्यात तीन गोष्टी लागोपाठ आल्या. ६ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने कर्जत तालुक्यातील माथेरान येथील हातरिक्षांची प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन होता. आणि त्याच ९ तारखेला मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर स्टॅन स्वामी स्मृती व्याख्यान ऑनलाइन होणार होते. रोममधील ग्रेगोरियन विद्यापीठातील प्राध्यापक फादर प्रेम खाल्को हे उपजीविकेसाठी होणाऱ्या स्थलांतरावर बोलणार होते. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने आक्षेप घेतला आणि महाविद्यालयाने व्याख्यान रद्द केले.

आक्षेप विषयाला नव्हता, स्मृतीला होता. एल्गार परिषद प्रकरणात बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक झालेले स्वामी रायगड जिल्ह्यातीलच तळोजा कारागृहात होते. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतील रुग्णालयात, कोठडीत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. दहशतवादाशी संबंधित गुन्ह्यातील आरोपीच्या नावाने शिक्षणसंस्थेत व्याख्यान नको, असे विरोधकांचे म्हणणे होते. खटला उभा राहण्याआधीच ज्यांचा मृत्यू झाला त्यांना दोषी कसे मानायचे, असा समर्थकांचा प्रश्न होता. या वादात मूळ विषय मात्र बाजूला पडला. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांसाठी उपजीविकेचे स्थलांतर ही दरवर्षीची गोष्ट आहे. त्यावर मुंबईत होणारी एक चर्चा झालीच नाही.

‘विकासाचा हक्क’ म्हणजे नेमके काय?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४ डिसेंबर १९८६ रोजी विकासाच्या हक्काचा जाहीरनामा संमत केला. १४६ देशांनी बाजूने मत दिले, आठ देश तटस्थ राहिले आणि विरोधात एकच मत पडले, ते अमेरिकेचे. भारत या हक्काचा सुरुवातीपासूनचा पुरस्कर्ता आहे. या हक्कावरील संयुक्त राष्ट्रांचे पहिले स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून नेमले गेले तेही भारतीय अर्थतज्ज्ञ, अर्जुन सेनगुप्ता.

या जाहीरनाम्याचा गाभा सोपा आहे. रस्ता, धरण, रेल्वे झाली म्हणजे विकास झाला, असे तो मानत नाही. ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्या जमिनीवर विकास होतो, त्यांचा निर्णयात सक्रिय सहभाग हवा आणि लाभाची वाटणी न्याय्य हवी, या दोन अटी त्यात आहेत. २००७ च्या मूलनिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्याने त्यापुढे जाऊन ‘पूर्वमाहितीसह मुक्त संमती’ ही कल्पना मांडली. विस्थापनाआधी लोकांना त्यांना समजेल अशा भाषेत माहिती द्यायची, दबावाशिवाय विचार करू द्यायचा आणि मग संमती घ्यायची, असा त्याचा अर्थ. भारताने त्याच्याही बाजूने मत दिले. पण स्वातंत्र्यानंतर भारतातील सर्वच नागरिक मूलनिवासी आहेत, ही आपली भूमिका कायम ठेवून. त्यामुळे हा शब्द भारतीय कायद्यात थेट उतरला नाही. त्याचे तुकडे वेगवेगळ्या कायद्यांत विखुरले गेले. ते तुकडे कर्जत-खालापुरात कसे लागू होतात, हाच या चर्चेतला खरा प्रश्न आहे.

व्याख्यानांनी खरेच काही बदलते का?

महाराष्ट्राचा इतिहास ‘हो’ म्हणतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला ही सार्वजनिक प्रश्न सामान्य श्रोत्यांपुढे मांडण्याची पहिली मोठी शाळा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या प्रश्नावरचे आपले विचार २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये काळे स्मृती व्याख्यानात मांडले आणि तेच पुढे पुस्तक झाले. त्याआधी १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांचे अध्यक्षीय भाषण मजकुरावरच्या मतभेदातून होऊ दिले नाही. त्यांनी ते स्वखर्चाने छापले. न झालेले ते भाषण आज जातिप्रश्नावरचे सर्वाधिक वाचले जाणारे पुस्तक आहे. व्याख्यान रद्द केल्याने विचार थांबतो असे नाही, हे त्यातून दिसते. मात्र प्रत्येक रद्द झालेल्या वक्त्यामागे आंबेडकरांएवढी ताकद नसते, हेही तितकेच खरे.

जगाच्या पातळीवरही तसेच. अमर्त्य सेन यांनी विकास म्हणजे स्वातंत्र्याचा विस्तार, ही मांडणी १९९६ मध्ये जागतिक बँकेत दिलेल्या व्याख्यानांतून केली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा शब्द बदलून ‘सर्व मानव’ असा शब्द आणण्याचे श्रेय हंसा मेहता यांना दिले जाते. त्या मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. म्हणजे विद्यापीठ आणि मानवी हक्क यांचे नाते या प्रदेशाला नवे नाही. प्रश्न आहे तो हे नाते आज कोणत्या रूपात उरले आहे, याचा.

कार्यक्रमांवर बंधने कोणती?

परदेशी वक्ता प्रत्यक्ष येणार असेल तर परिषदेचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी आयोजकांना परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाची मंजुरी घ्यावी लागते. करोनाकाळात चर्चा ऑनलाइन गेल्यावर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थांसाठी नवा नियम काढला. देशाची सुरक्षा, सीमा किंवा देशांतर्गत बाबींशी संबंधित आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांना पूर्वपरवानगी लागेल, असे त्यात म्हटले होते. ‘देशांतर्गत बाब’ या शब्दांत काय येत नाही, असा सवाल वैज्ञानिकांच्या संस्थांनी केला. पुढच्याच महिन्यात तो नियम मागे घेण्यात आला.

नियम गेला तरी सवय राहिली. आयआयटी मुंबईने २०२३ मध्ये कार्यक्रमांसाठी हंगामी मार्गदर्शक सूचना काढल्या. वादाची शक्यता असलेल्या कार्यक्रमांची छाननी समितीकडून होईल, अशी तरतूद त्यात होती. संस्थांची बाजूही समजून घ्यायला हवी. गोंधळ झाला तर जबाबदारी प्राचार्यांवर येते, अनुदान आणि मूल्यांकनाची टांगती तलवार असते, पोलीस बंदोबस्ताचा प्रश्न असतो. आक्षेप घेण्याचा हक्क विरोधकांनाही आहे. परंतु याचा एकत्रित परिणाम असा होतो की आयोजक निरुपद्रवी विषय निवडतात. ‘शाश्वत विकास उद्दिष्टे’ या शीर्षकावर कोणी हरकत घेत नाही. ‘आमच्या तालुक्यातील धरण आणि विस्थापन’ या शीर्षकावर घेतली जाऊ शकते. मग पहिलेच शीर्षक फलकावर लागते.

पैशाची बाजू वेगळी. परदेशी देणगी विनियमन कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. परदेशी निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गैरवापर रोखण्यासाठी हे आवश्यक असल्याचे सरकारचे म्हणणे. पण शहरातील मोठ्या संस्थेमार्फत तालुक्यातील छोट्या संस्थेला पैसा मिळण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

कर्जत-खालापूर हे उदाहरण का महत्त्वाचे?

हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध आहेत. द्रुतगती मार्ग खालापुरातून जातो. पनवेल-कर्जत हा २९.६ किलोमीटरचा नवा उपनगरी रेल्वेमार्ग मोहोपे, चौक मार्गे येतो आहे. फार्महाउस, रिसॉर्ट, गृहसंकुले, खोपोलीचे कारखाने हे सगळे इथे आहे. आणि याच तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात. कोलाम आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. अशा ७५ समूहांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे २४ हजार कोटी रुपयांची ‘पीएम-जनमन’ योजना आणली. पक्के घर, रस्ता, पाणी, वीज, फिरता दवाखाना अशा ११ बाबी त्यात आहेत. मात्र घरासाठी जागा लागते आणि अनेक कातकरी वाड्या ज्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या वसल्या आहेत, ती त्यांच्या नावावर नाही. योजनेचा पैसा आणि लाभार्थी यांच्यामध्ये सातबारा उभा राहतो.

इर्शाळवाडीने हा विरोधाभास साऱ्या देशाला दाखवला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील या ठाकूरवाडीवर दरड कोसळली. वस्ती सुमारे २२८ माणसांची. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. त्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत, जवानांनी हातांनी माती उपसली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. वाचलेल्या कुटुंबांना आधी कंटेनरमध्ये राहावे लागले आणि नंतर सिडकोने चौकजवळ ४४ पक्की घरे बांधली.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी मोरबे धरण आहे. ते नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे असून तिथले पाणी नवी मुंबईच्या घराघरांत जाते. डोंगर एकच. त्याच्या पायथ्याचे पाणी शहरात नेणारी जलवाहिनी झाली, पण वर राहणाऱ्या वाडीला रस्ता मिळाला नाही. ‘लाभाची न्याय्य वाटणी’ हे जाहीरनाम्यातले शब्द इथे डोळ्यांनी पाहता येतात. मोरबेच्या प्रकल्पग्रस्तांची पुनर्वसनासाठीची आंदोलने धरण भरल्यावरही चालूच राहिली.

माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी या तिन्ही घटनांनंतर विद्यापीठांत आपत्ती व्यवस्थापनावर चर्चा झाल्या. परंतु दरडप्रवण यादी कशी बनते, तिच्यात आपल्या वाडीचे नाव घालण्यासाठी कोणाकडे अर्ज करायचा, जमिनीला भेग पडली तर कोणाला कळवायचे, हे वाडीवरच्या माणसाला समजले की नाही, यावर त्या चर्चांचे यश मोजले गेले नाही.

माथेरानचा निकाल काय सांगतो?

माथेरान हे २००३ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र. मोटारींना बंदी. पर्यटकांना नेण्यासाठी घोडा किंवा माणसांनी ओढायची आणि ढकलायची रिक्षा. परवानाधारक हातरिक्षा ९४. चढ-उतारांच्या लाल मातीच्या रस्त्यावर पर्यटकांचे वजन ओढणे हे काम किती कष्टाचे, ते सांगायला नको. श्रमिक रिक्षा संघटनेने ई-रिक्षांची मागणी धरून ठेवली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली. पण ई-रिक्षा कोणाच्या हाती जाणार, यावर वाद झाला. घोडेवाल्यांचा विरोध होता, पर्यावरणाची चिंता होती.

६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने तीन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली, माणसाने माणसाला ओढणे हे प्रतिष्ठेच्या घटनात्मक हमीशी विसंगत आहे. पंजाबातील सायकल रिक्षाचालकांच्या १९८० च्या निकालाचा आधार त्यासाठी घेतला गेला. दुसरी, बंदी आणि पुनर्वसन वेगळे करता येणार नाही. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर सरकारने ई-रिक्षा घेऊन त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात आणि निधी नाही ही सबब चालणार नाही. तिसरी, खरे रिक्षाचालक कोण हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील सनियंत्रण समितीने ठरवावे आणि उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिलांसह इतर गरजूंना द्याव्यात. सहा महिन्यांची मुदत फेब्रुवारी २०२६ च्या सुरुवातीपर्यंतची होती.

हक्कांच्या भाषेचा उपयोग काय, या प्रश्नाचे हे नेमके उत्तर आहे. ‘प्रतिष्ठा’ हा शब्द सभागृहात अमूर्त वाटतो. माथेरानच्या रिक्षाचालकांनी तो अर्जात, मग याचिकेत वापरला आणि त्यातून एक योजना निघाली. मात्र निकाल मिळवणे आणि ९४ परवान्यांच्या यादीतील प्रत्येकापर्यंत वाहन पोहोचणे यात अंतर असते. ते अंतर मोजणारे कोणी तरी हवे.

आदिवासी असूनही ‘अनुसूचित क्षेत्रा’बाहेर?

मानवी हक्कांवरच्या अनेक व्याख्यानांत पेसा कायद्याचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेच्या अधिकारांचा गौरवाने उल्लेख होतो. पण रायगड जिल्ह्यातील एकही गाव राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. सीमा ओलांडून कर्जतमध्ये आले की तेच ठाकूर, तेच कातकरी पेसाच्या बाहेर. पेण येथे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, योजना आहेत. पण गौण खनिज, भूसंपादन किंवा सावकारी यांबाबत पेसाने ग्रामसभेला दिलेले विशेष अधिकार इथे नाहीत.

इथे खरा आधार २००६ च्या वनहक्क कायद्याचा. तो देशभर लागू आहे, अनुसूचित क्षेत्र असो वा नसो. रायगडमध्ये त्याचे खास महत्त्व आहे ते ‘दळी’ जमिनींमुळे. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवण्यासाठी इंग्रजी अमलात आदिवासींना गटाने दिलेल्या या जमिनी कागदावर वनखात्याच्या, कसणाऱ्यांच्या मात्र पिढीजात. अशा जुन्या पट्ट्यांचे आणि अनुदानांचे मालकीहक्कात रूपांतर करण्याची तरतूद या कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. त्यासाठी जुने नकाशे, वनखात्याच्या दंडाच्या पावत्या, वृद्धांचे जबाब गोळा करावे लागतात. हे काम संशोधनाचेच आहे. इतिहास, भूगोल किंवा कायद्याच्या विद्यार्थ्याला ते सहज जमेल. वाडीवरच्या शेतमजुराला ते एकट्याने जड जाते.

पोशीर-शिलार प्रकल्पांत कसोटी कोणाची?

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये कर्जत तालुक्यातील पोशीर प्रकल्पासाठी सुमारे ६,३९४ कोटी आणि शिलार प्रकल्पासाठी सुमारे ४,८६९ कोटी रुपयांना मान्यता दिली. मुंबई महानगर प्रदेशाची वाढती तहान हे त्यामागचे कारण. गरज खरी आहे. याच तालुक्यातील कोंढाणे धरण सिंचन घोटाळ्याच्या चौकशीत अडकले आणि पुढे सिडकोकडे गेले, हा अनुभवही ताजा आहे. त्यामुळे या वेळी लोकांना विचारले जाणार कधी आणि कसे, हे महत्त्वाचे ठरते.

उत्तर प्रकल्पाच्या वर्गीकरणावर अवलंबून आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार सामाजिक परिणामांचे मूल्यांकन, त्यावर जनसुनावणी आणि अहवाल स्थानिक भाषेत प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. परंतु ज्या सिंचन प्रकल्पांना पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन लागते, त्यांना सामाजिक मूल्यांकनातून सूट आहे. पर्यावरणीय मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना धरणांना लागू होते ती वीजनिर्मिती आणि सिंचन क्षेत्राच्या मापाने. निव्वळ पिण्याच्या पाण्याचे धरण तिच्यात सरळ बसत नाही. शिवाय महाराष्ट्राने २०१८ मध्ये भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून पायाभूत सुविधांसारख्या काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक मूल्यांकनातून वगळण्याचा मार्ग खुला केला. म्हणजे ‘हे धरण कशासाठी’ या एका रकान्यातील नोंदीवर जनसुनावणी होणार की नाही आणि झालीच तर कोणत्या कायद्याखाली, हे ठरते. सरकारी प्रकल्पासाठी जमीनमालकांची संमतीही या कायद्याने आवश्यक नाही; ७० आणि ८० टक्के संमतीची अट खासगी-सरकारी भागीदारी आणि खासगी प्रकल्पांसाठी आहे.

वनजमीन बुडत असेल तर वनहक्कांचा प्रश्न येतो. ओडिशातील नियमगिरीच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांचा शब्द निर्णायक मानला आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. पण २०२२ च्या नियमांनी वनहक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यावर सोपवली. ज्या कुटुंबांचे दळीचे दावे प्रलंबित आहेत, त्यांची जमीन कागदावर त्यांची नसते. दावा मंजूर नसेल तर भरपाईच्या यादीत नावही येत नाही. म्हणून धरणाची भिंत उभी राहण्याआधी दावे निकाली निघणे हा कर्जतमधील मानवी हक्कांचा सर्वात तातडीचा प्रश्न आहे.

आणि भाषा? पर्यावरण अहवालाचा केवळ सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो. सुनावणीची सूचना ३० दिवस आधी मिळते. इंग्रजी अहवाल वाचून त्यातील चूक दाखवायला वाडीला ३० दिवस. हा सामना बरोबरीचा नाही.

दुवा जोडता येईल का?

येईल आणि त्याची परंपरा इथेच आहे. माथेरानमध्ये १९१२ साली जन्मलेले भाई कोतवाल वकील झाले, पण शहरात स्थिरावले नाहीत. त्यांनी गावागावांत शाळा चालवल्या, सावकारी पाशातून सोडवण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह ब्रिटिशांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. नंतर काशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी गावांत धान्य बँकांचे काम केले. आयआयटी मुंबईतील ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राच्या विद्यार्थ्यांनी कर्जत तालुक्यातील पाणीप्रश्नाचा गावपातळीवर अभ्यास केला. अशा कामाला संस्थात्मक रूप देण्यासाठी राज्य सरकारने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले.

नव्या शैक्षणिक धोरणाने त्याला श्रेयांकांची जोड दिली आहे. पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग यांना आता गुण आहेत. कर्जत आणि खोपोलीची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे दत्तक गावांत होतात. श्रमदान, स्वच्छता, वृक्षारोपण ही शिबिरांची नेहमीची कामे चांगलीच; पण त्याच सात दिवसांत दळी जमिनीचा नकाशा काढणे, प्रकल्प अहवालाचा मराठी अनुवाद ग्रामसभेत वाचून दाखवणे, वीटभट्टीवर घेतलेल्या उचलीचा हिशेब लिहून ठेवणे हेही होऊ शकते. वेठबिगारी १९७६ मध्ये कायद्याने संपली. पण उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नसेल, तर ती वेठबिगारीच आहे की नाही, हे ठरवायला हिशेबाची वहीच लागते.

व्यासपीठाचे स्वरूपही बदलता येईल. मानवी हक्क दिनाचे व्याख्यान कर्जतच्या सभागृहात झाले, माथेरानचा रिक्षाचालक किंवा इर्शाळवाडीतून वाचलेली महिला वक्ता असली आणि विद्यापीठातील कायद्याचा प्राध्यापक प्रश्नांना उत्तरे द्यायला बसला, तर खर्च कमी होईल आणि उपयोग अधिक. एक धोका मात्र लक्षात ठेवायला हवा. इर्शाळवाडीच्या माणसांना आपले दुःख दरवर्षी नव्या श्रोत्यांपुढे सांगायला लावणे हा सहभाग नव्हे. त्यांच्याकडून घेतलेली माहिती, छायाचित्रे, नोंदी त्यांना परत मिळाल्या पाहिजेत आणि त्या त्यांच्या दाव्याला, अर्जाला जोडता आल्या पाहिजेत.

पुढे काय?

येत्या काही महिन्यांत तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागेल. माथेरानमध्ये न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी होते का आणि ई-रिक्षा खऱ्या चालकांच्या हाती जातात का. पोशीर आणि शिलार प्रकल्पांची कागदोपत्री वर्गवारी काय होते, त्यांच्या सुनावण्या कुठे आणि कोणत्या भाषेत होतात. आणि बुडीत क्षेत्रातील वनहक्क दावे त्याआधी निकाली निघतात का. या तिन्हींची उत्तरे मंत्रालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात ठरतील. पण ती उत्तरे तपासायला लागणारे वाचन, मोजणी आणि अनुवाद हे काम विद्यापीठांचे आहे. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र चर्चगेटला संपत नाही. कर्जत आणि खालापूर तालुकेही त्यात येतात. धरणाच्या सुनावणीची सूचना निघेल तेव्हा तीस दिवसांची उलटी गणती सुरू होईल. त्यावेळी अहवाल मराठीत वाचून दाखवणारे चार विद्यार्थी ग्रामसभेत हजर असतील, तर मानवी हक्क दिनाच्या व्याख्यानांचा उपयोग झाला असे म्हणता येईल.